फी घेताना मधे असता, मग पैसे अडकल्यावर बाजूला का होता? क्रिप्टो एक्स्चेंज कंपन्यांना कोल्हापुरातून खुलं पत्र

नमस्कार,

परवा रात्री मी तुमच्यातल्याच एका कंपनीचं ॲप उघडलं तर स्क्रीनभर नव्या अटी आल्या, खाली 'मान्य' असं एकच बटण. ते दाबल्याशिवाय आत जाता येत नाही, म्हणजे माझेच राहिलेले कॉइन मला दिसत नाहीत. इंग्रजीत होतं सगळं, मुलाला शेजारी बसवून वाचून घेतलं. त्यात लिहिलंय की पीटूपीमधला, म्हणजे ॲपवर एका ग्राहकाने थेट दुसऱ्याला कॉइन विकायचा, व्यवहार हा दोन ग्राहकांमधला आहे, त्यातून बँक खातं गोठलं, पोलीस तक्रार झाली, काहीही झालं तरी कंपनी जबाबदार नाही. मी ते बटण अजून दाबलेलं नाही. दाबायच्या आधी तुम्हा सगळ्यांशी बोलायचं आहे, आणि चॅटमधल्या बॉटशी बोलून कंटाळले म्हणून इथं चारचौघात लिहितेय.

आधी मी कोण ते सांगते. शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं मशीन शॉप आहे. चार लेथ, एक मिलिंग आणि कर्जावर घेतलेलं एक व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही मशिनिंग करून देतो. मिस्टर मशीनवर असतात, मी हिशोब, चलन, जीएसटी बघते. २०२२ पासून मी दर महिन्याला थोडे थोडे युएसडीटी घेत होते, कधी दोन हजाराचे कधी पाच हजाराचे. बिटकॉइनसारखी उडी मला नकोच होती. डॉलरला बांधलेलं कॉइन आहे, हलणार नाही, रुपया पडला तरी आपलं टिकेल एवढंच डोक्यात होतं. मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी वेगळं ठेवलेलं हे. टॅक्सचं म्हणाल तर नफ्यावर ३० टक्के भरलाय, १ टक्का टीडीएस कापला गेलाय तो टॅक्स खात्याच्या २६एएस उताऱ्यात दिसतोय, रिटर्नमध्ये क्रिप्टोचं म्हणजे व्हीडीएचं शेड्यूल सीएकडून भरून घेतलंय. चोरून काहीही केलेलं नाही हे मुद्दाम सांगते कारण खातं गोठलं की लोक पहिला संशय आपल्यावरच घेतात, अगदी जवळचे पण.

गेल्या वर्षी ऑगस्टात ॲडमिशन झाली आणि फी भरायला मी १ लाख ४० हजाराचे युएसडीटी विकले. ॲपवर पीटूपी सगळ्यात पुढं होतं, 'लगेच बँकेत पैसे' म्हणून. तीन ऑर्डरमध्ये विकले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ऑर्डर लागली की माझे कॉइन कंपनी स्वतःच्या ताब्यात अडकवून ठेवते, समोरचा माझ्या बँकेत पैसे टाकतो, मी पैसे आले बघून रिलीज दाबते मग कॉइन त्याला जातात. तिन्ही वेळा ॲपवरचं नाव आणि बँकेत आलेलं नाव जुळवून बघितलं आणि मगच रिलीज केलं. तुम्हीच सांगितलेली काळजी आहे ती, मी घेतली.

नवव्या दिवशी गणपतीच्या तोंडावर खातं बंद. जीपे होईना म्हणून बँकेत गेले तर ते म्हणाले दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांकडून आलंय, आमच्या हातात काही नाही. खात्यात २ लाख ६३ हजार होते, त्यात शॉपमधल्या कामगार पोरांच्या आठवड्याच्या पगाराचे पण होते, सगळे अडकले. वादातली रक्कम किती, तर ३८ हजार. तीनपैकी एका खरेदीदाराने मला जे ३८ हजार पाठवले ते कुठल्यातरी माणसाला फसवून काढलेले होते, दोन खाती फिरून तिसऱ्या टप्प्याला माझ्याकडे आले. म्हणजे चोराने काय केलं, लुटलेले रुपये माझ्या गळ्यात घातले आणि माझे स्वच्छ कॉइन घेऊन पाच मिनिटात निघून गेला. ज्याचे पैसे गेले त्याने १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, बरोबरच केलं त्याने. त्याच्याबद्दल माझ्या मनात काही नाही, त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. पोलिसांनी पैशाचा माग काढला, तो माझ्यापर्यंत येऊन थांबला कारण पुढं बँकच नाही, पुढं तुम्ही आहात.

आणि तुम्ही काय केलंत? अकरा तिकीटं टाकली मी. पहिल्या चार वेळा बॉट, मग एक ईमेल की 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत', आणि दोन दिवसांनी तिकीट सोडवलं म्हणून बंद. तपास अधिकाऱ्याशी फोनवर बोलणं झालं, ते चांगलं बोलले खरं तर, म्हणाले ताई, कंपनीच्या लेटरहेडवर द्या की हा व्यवहार झाला, ऑर्डर नंबर हा, घेणारा हा, मी बघतो. कंपनी म्हणते आम्ही असं पत्र फक्त पोलिसांनी अधिकृत मागितलं तरच देतो. पोलीस म्हणतात कंपनीला मेल टाकलाय, उत्तर नाही, तुम्ही आणा. या दोघांच्या मधे मी ४७ दिवस उभी होते. मुलाची फी पतसंस्थेत पाटल्या ठेवून भरली, पगार भिशीतल्या बायकांकडून उसने घेऊन केला. शेवटी वकिलाला धरून लेखी अर्ज दिला की केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्येच सांगितलंय, वादातली रक्कम तेवढी अडवा, अख्खं खातं नको, तेव्हा बाकीचं सुटलं. ३८ हजार आजही अडकलेले आहेत.

आता माझं म्हणणं नीट ऐका. माझं माहेर करवीर तालुक्यातलं, वडिलांचं गुऱ्हाळ होतं. हंगामात गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, गाडीत भरून ते शाहू मार्केट यार्डात यायचे, लहानपणी मी पण यायची सोबत. सौदा व्हायचा, व्यापारी गूळ घ्यायचा, पण वडील त्या व्यापाऱ्याला ओळखत पण नव्हते. ते ओळखायचे अडत्याला. अडत्या अडत कापायचा आणि वडिलांच्या हातात पट्टी द्यायचा, किती रवे, काय भाव, हमाली किती, तोलाई किती, हातात किती. व्यापाऱ्याने पैसे बुडवले तर ते अडत्याने बघायचं, शेतकऱ्याला तो म्हणू शकत नव्हता की हा तुमच्या दोघांतला मामला आहे. अडत खाल्ली ना, मग जबाबदारी आली. तुमचं तेच आहे. ॲप तुमचं, खरेदीदार तुम्ही आणलेला, त्याचं पॅन आधार सेल्फी तुमच्याकडे, कॉइन तुमच्या ताब्यात अडकवलेले, कमाई तुमची. एवढं सगळं असताना दोन ग्राहकांमधला व्यवहार कसा होतो हा?

आणि कायद्यानेही तुम्ही मधेच आहात. ७ मार्च २०२३ पासून तुम्हाला मनी लाँडरिंग कायदा लागू आहे, संशयास्पद व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या सरकारच्या एफआययूकडे नोंदणी करावी लागते, केवायसी घ्यावं लागतं, व्यवहाराच्या नोंदी ठेवाव्या लागतात, संशयास्पद काही दिसलं तर कळवावं लागतं. डिसेंबर २०२३ मध्ये बाहेरच्या नऊ कंपन्यांना नोटिसा गेल्या, त्यातल्या बायनान्स या मोठ्या परदेशी एक्स्चेंजला पुढच्या वर्षी १८ कोटी ८२ लाखाचा दंड झाला. मग ज्या माणसाने माझ्याकडून घेतले, तो त्याच दिवशी अजून किती जणांकडून घेत होता, त्याचं खातं किती दिवसांचं होतं, कॉइन आले की लगेच बाहेरच्या वॉलेटला पाठवत होता का, हे सगळं तुमच्या स्क्रीनवर होतं. माझ्या स्क्रीनवर फक्त हिरवी टिक होती, 'व्हेरिफाइड'. ती टिक तुम्ही दिलेली होती.

दुसरं म्हणजे तुमच्याकडे ठेवलेलं कॉइन नक्की कुणाचं असतं हे एकदा स्पष्ट सांगा. मला आधी वाटायचं माझं आहे, वॉलेट लिहिलंय ना. मग वझीरएक्स या एक्स्चेंजचं झालं. १८ जुलै २०२४ ला तिथून २३ कोटी डॉलरच्या आसपासचे कॉइन गेले, पुढं अमेरिका, जपान, दक्षिण कोरियाने मिळून सांगितलं की उत्तर कोरियाच्या हॅकर्सचं काम आहे ते. हॅक होऊ शकतं, हे मी समजू शकते. पण पुढचं बघा. ज्यांचे कॉइन चोरीला गेलेच नव्हते त्यांच्या कॉइनवर पण तोटा वाटून टाकला. रुपयातली शिल्लक पण सगळी काढता येईना. ग्राहक भारतातले आणि प्रकरण चाललं सिंगापूरच्या हायकोर्टात, कारण कंपनी तिथली. एक्स्चेंज परत सुरू झालं ऑक्टोबर २०२५ मध्ये, म्हणजे सव्वा वर्ष. आमच्याच गल्लीतला एक पोरगा त्यात अडकला होता, सीएनसीवर ऑपरेटर आहे, त्याला सिंगापूर नकाशावर दाखवता येईल पण तिथल्या कोर्टात काय चाललंय हे त्याने कुणाला विचारायचं?

आणि मालक कोण हा तर अजून वेगळाच विषय. २०१९ मध्ये बायनान्सने जाहीर केलं की वझीरएक्स आम्ही घेतलं. लोकांनी मोठं नाव बघून विश्वास ठेवला. ऑगस्ट २०२२ मध्ये बायनान्सचेच प्रमुख म्हणाले की तो व्यवहार कधी पूर्ण झालाच नव्हता. पावणेतीन वर्षं लाखो लोक ज्या दुकानात पैसे ठेवत होते त्या दुकानाचा मालक कोण यावर दोन मालक ट्विटरवर भांडत होते. आमच्या उद्यमनगरात दोन भावांची वाटणी झाली तरी गिऱ्हाइकाला आधी सांगतात की यापुढं बिल कुणाच्या नावाने.

चांगलं झालं ते पण लिहिते, नाहीतर एकांगी होईल. जुलै २०२५ मध्ये कॉइनडीसीएक्स या भारतातल्या एक्स्चेंजमधून ४ कोटी ४० लाख डॉलर गेले तेव्हा त्यांनी सांगितलं की ते कंपनीच्या स्वतःच्या पैशातले आहेत, तोटा आम्ही सोसू, ग्राहकांना हात लागणार नाही. असं करता येतं म्हणजे. मग ते कंपनीच्या मर्जीवर का? बँक बुडाली तर ५ लाखापर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे, ते पण कमीच आहे पण आहे. तुमच्याकडे ठेवलं तर शून्य. ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास हायकोर्टाने तर सांगितलंय की क्रिप्टो ही मालमत्ता आहे, ती एखाद्याच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळता येते. मग तेच तुमच्या अटींमध्ये लिहा ना, की ग्राहकाचं कॉइन हे ग्राहकाचं, आम्ही फक्त सांभाळतो, आमच्या देण्याघेण्यात ते धरायचं नाही.

आता स्टेबलकॉइनबद्दल, म्हणजे युएसडीटीसारख्या डॉलरला बांधलेल्या कॉइनबद्दल, कारण माझा सगळा जीव त्यातच होता. तुम्ही ॲपवर लिहिता 'एक युएसडीटी म्हणजे एक डॉलर'. मी तीन वर्षं तेच धरून चालले. हे सगळं झाल्यावर रात्री बसून वाचायला लागले तेव्हा कळलं की युएसडीटी काढणाऱ्या टेथर कंपनीकडून थेट डॉलर परत घ्यायचे असतील तर कमीत कमी एक लाख डॉलरचे युएसडीटी लागतात. एक लाख डॉलर! म्हणजे ते एकास एकचं वचन मोठ्यांसाठी आहे. माझ्यासारखीला ते विकायला दुसरा गिऱ्हाईकच शोधावा लागतो, म्हणजे परत तेच तुमचं पीटूपी. हे मला घ्यायच्या आधी का नाही सांगितलं? आपल्याकडे युएसडीटीचा भाव डॉलरच्या बँकेतल्या भावापेक्षा चार-पाच रुपये वर असायचा, मी तो वरचा भाव देऊन घेतले, आणि तो फरक कुठला, कशाचा, हे पण कुणी सांगितलं नाही.

त्या युएसडीटीच्या मागं खरंच डॉलर आहेत का, हा पण प्रश्न मी उगाच विचारत नाहीये. २०२१ मध्ये अमेरिकेत वायदे बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सीएफटीसीने टेथरला ४ कोटी १० लाख डॉलरचा दंड केला, त्यात म्हटलं होतं की २०१६ ते २०१८ मधल्या २६ महिन्यांत जे दिवस तपासले त्यातल्या फक्त २७.६ टक्के दिवशी पुरेशी रक्कम शिल्लक होती. आता परिस्थिती बदललीय, कंपनी म्हणते अमेरिकन सरकारचे रोखे आहेत, असतील. दुसरीचं बघा, यूएसडीसी, सर्कल कंपनीचं, हे जास्त शिस्तीचं समजतात. तरी मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, त्यात सर्कलचे ३३० कोटी डॉलर होते आणि दोन दिवसात ते कॉइन ८८ सेंटच्या खाली गेलं. परत वर आलं कारण अमेरिकन सरकारने त्या बँकेतल्या ठेवी वाचवल्या. टेरा नावाच्या कॉइनचं तर २०२२ मध्ये जवळपास काहीच उरलं नाही, ते पण 'स्टेबल'च होतं. या तीन गोष्टी तीन ओळीत लिहून खरेदीच्या बटणाच्या वर लावा, एवढीच अपेक्षा आहे, घाबरवा असं म्हणत नाही.

अजून एक गोष्ट मला कळली आणि त्या रात्री झोप आली नाही. टेथर आणि सर्कल दोघंही कुठल्याही वॉलेटमधलं त्यांचं कॉइन गोठवू शकतात, पोलिसांनी सांगितलं की गोठवतात पण. म्हणजे माझ्याकडून ३८ हजाराचे कॉइन घेऊन गेलेला माणूस अडवता आला असता, पहिल्या काही तासात कुणी नीट कळवलं असतं तर. ज्याचे पैसे गेले त्याचे कदाचित परत मिळाले असते, माझं खातं पण कदाचित गोठलं नसतं. ते कळवायचं कुणी? वॉलेटचा पत्ता फक्त तुमच्याकडे होता.

तर मागण्या लिहिते, साध्या आहेत.

पट्टी द्या. पीटूपीमधल्या प्रत्येक विक्रीची सही-शिक्क्याची पट्टी, ऑर्डर नंबर, वेळ, रक्कम, बँकेचा यूटीआर म्हणजे पैसे पाठवल्याचा नंबर, आणि आम्ही या खरेदीदाराचं केवायसी केलंय असं वाक्य. ग्राहकाने मागितली की २४ तासात. खरेदीदाराचं नाव-पत्ता मला नको, ते पोलिसांना द्या, पण त्यांचा मेल आला की ४८ तासात द्या, महिना लावू नका.

नव्या खात्यांना पीटूपीवर खरेदी लगेच उघडू नका. घेतलेले कॉइन काही दिवस बाहेर पाठवता येणार नाहीत असं करा, चोराला घाई असते, खऱ्या माणसाला नसते. तुमच्या व्हेरिफाइड खरेदीदाराकडून चोरीचा पैसा आला आणि विकणाऱ्याची चूक नसेल तर तेवढी रक्कम तुम्ही द्या, फीमधून त्यासाठी वेगळा निधी ठेवा. अडत्या तेच करायचा.

फोन उचलणारा माणूस ठेवा. नाव असलेला, मराठी कळणारा. महाराष्ट्रातून एवढा धंदा करता आणि अटी मराठीत नाहीत? आणि चाळीस पानांच्या नको, दोन पानात लिहा, कॉइन कुणाचं, बुडालं तर तोटा कुणाचा, भांडण कुठल्या कोर्टात. कोर्ट भारतातलं पाहिजे.

दर तीन महिन्याला हिशोब जाहीर करा. एफटीएक्स हे परदेशी एक्स्चेंज २०२२ मध्ये बुडाल्यावर बऱ्याच जणांनी 'प्रूफ ऑफ रिझर्व्ह' लावलं, म्हणजे आमच्याकडे एवढं आहे. देणं किती आहे ते पण लिहा. मी हिशोबाला बसते, नुसती जमेची बाजू दाखवून ताळेबंद होत नाही. आणि तो बाहेरच्या ऑडिटरने तपासलेला असावा.

ज्या स्टेबलकॉइनचा व्यवहार करता त्याची कंपनी कोणती, डॉलर परत मिळायची अट काय, हे घ्यायच्या आधी दाखवा.

या पत्राची प्रत अर्थ मंत्रालय आणि रिझर्व्ह बँकेला पण पाठवतेय. त्यांना एवढंच सांगायचंय की २०२२ पासून तुम्ही आमच्याकडून टॅक्स घेताय, तोटा झाला तर तो दुसऱ्या नफ्यातून वजा पण करू देत नाही, पण एफआययूची नोंदणी ही काळा पैसा पकडण्यासाठी आहे, ग्राहकासाठी नाही. माझ्यासारखीने तक्रार नेमकी कुठं करायची, लोकपाल कोण, हे आजही ठरलेलं नाही. युरोपात २०२४ मध्ये नियम लागू झाले, अमेरिकेत जुलै २०२५ मध्ये स्टेबलकॉइनचा कायदा झाला, त्यात राखीव रकमेचा हिशोब दर महिन्याला जाहीर करायचा आहे. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने ४ मार्च २०२० ला क्रिप्टो कंपन्यांना सेवा द्यायची बँकांवरची रिझर्व्ह बँकेची बंदी उठवली त्याला किती वर्षं झाली मोजा. बंदी घाला असं मी म्हणत नाही. टॅक्स घेता तर दाद मागायची जागा पण द्या.

माझे २१० युएसडीटी अजून तुमच्या त्या ॲपमध्ये आहेत. 'मान्य'चं बटण अजून तसंच आहे. त्या अटीतलं 'कंपनी जबाबदार नाही' हे वाक्य काढा आणि ३८ हजाराची पट्टी मला आणि त्या तपास अधिकाऱ्याला पाठवा, ऑर्डर नंबर तुमच्याकडे अकरा तिकिटांमध्ये अकरा वेळा लिहिलेला आहे.

आपली,
एक खातेदार
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर